कून गेला

“कून गेला! अगं बाई गं, कून गेला!”

कुंपणापलीकडून ताम काकूंची हाक आली तेव्हा मी अंगणात पत्र्याखाली शेगडीपुढे बसले होते आणि कढईतला पाक नुकता पांढुरका व्हायला लागला होता. आल्याच्या चकत्या साखरेत घोळवताना हीच वेळ नाजूक. हात थांबला की सगळ्याचा एक गोळा होतो, आणि मग तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, दिवशी पाहुण्यांपुढे बशीत काय, तो दगड ठेवायचा? हात थांबला नाही. बाकी सगळं थांबलं. पलीकडे काकू आणखी काहीतरी बोलल्या, ते पत्र्यावरच्या झिमझिमीत विरून गेलं, मग एक दार आपटलं आणि मग काहीच नाही. मी उलथनं फिरवत राहिले. पाक कडेला चिकटत होता, तो खरवडून मधे आणत होते, आणि मनात एकच वाक्य गोल गोल फिरत होतं, की मी म्हणाले होते तसंच झालं.

कून म्हणजे पिल्लू. आमच्याकडे मुलाला दृष्ट लागू नये म्हणून घरात असलं काहीतरी नाव ठेवतात, आणि ते नाव मग पोराला मिशा फुटल्या, डोक्यावरचे केस गेले, तरी सुटत नाही. ताम काकूंच्या मुलाचं कागदावरचं नाव ख्येम. सायगावला तीस वर्षं नोकरी केली तेव्हा तो ख्येमच होता. बायको वारल्यावर आईकडे परत आला आणि फाटकातून आत पाऊल टाकताक्षणी पुन्हा कून झाला. छपन्न वर्षांचं पिल्लू. पुढे एकदा पावसात एक खरंखुरं पिल्लू त्यांच्या फाटकाशी येऊन बसलं, पिवळट, एक कान मोडलेलं. कुठल्याही पिल्लाला बोलवावं तसं तो त्याला “कून, कून” करत राहिला आणि तेच त्याचं नाव पडलं. काकू चिडल्या होत्या. “आता मी हाक मारायची तर कोणाला?” तो म्हणाला, “तू मार गं खुशाल. दोघंही येऊ. जो आधी येईल त्याला भात.” हे मी कुंपणाच्या अलीकडून ऐकलं होतं आणि तोंडावर पदर नसल्यामुळे हात धरून हसले होते.

तेव्हा कुत्राच गेला असेल, असं मनात आलं नाही असं नाही. आलं. आमच्या ह्वे शहरात छत्री बसमध्ये राहिली तरी ती गेली, दात पडला तरी तो गेला आणि माणूस गेला तरी गेलाच. शब्द एकच, सूर काय तो वेगळा. पण कुत्र्यासाठी काकू त्या सुरात ओरडल्या असत्या? कुत्रा गेला की माणसं त्याचं नाव घेऊन त्याला बोलावतात, असं तिसऱ्याला ओरडून सांगत नाहीत. आणि काल संध्याकाळी मी काय पाहिलं होतं ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आपल्या पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसलेला कून, रेनकोट उलटा घातलेला, एक हात पुतण्याच्या खांद्यावर आणि दुसरा छातीवर. चेहरा भिंतीसारखा. स्कूटर दवाखान्याच्या दिशेला वळली. मी माझ्या फाटकात भाजीची पिशवी घेऊन उभी होते. त्याने मला पाहिलं. मी फाटकाची कडी लावून घेतली.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. छातीवर हात ठेवून येणारी माणसं रोज पाहते. बहुतेकांना आम्लाची गोळी लागते, ती चघळत चघळतच ती पायऱ्या उतरतात. पण गेल्या वर्षी एक शिंपी आला होता, त्यालाही मी तीच गोळी दिली, सुटे पैसे नव्हते म्हणून वर दोन पेपरमिंट दिले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानावर सुतकाचं पांढरं कापड लागलं. तेव्हापासून छातीवरचा हात दिसला की माझ्या जिभेला पेपरमिंटची चव येते. काल रात्रीही आली. मी उठून पाणी प्यायले आणि स्वतःला बजावलं की भांडण त्याने केलंय, विचारपूस आधी त्याने करावी. मरणाऱ्या माणसाने आधी विचारपूस करावी! रात्री अंथरुणात हे अगदी न्यायाचं वाटलं होतं.

भांडणाचं कारण कुत्रा. दोन कूनांपैकी चार पायांचा. आमच्या दोन्ही घरांच्या मधे झुडपांचं कुंपण आहे, माझ्या आजोबांनी लावलेलं, दर महिन्याला कातरून भिंतीसारखं सरळ ठेवलेलं, आणि त्याच्या बुडाशी एक भगदाड आहे. त्या भगदाडातून हा गृहस्थ रोज सकाळी माझ्या अंगणात येणार, वाळत घातलेल्या मुळ्याच्या फोडी हुंगणार, तुळशीच्या कुंडीत माती उकरणार, आणि शेवटी बाबांनी लावलेल्या, पिवळ्या फुलांच्या माई नावाच्या झाडापाशी जाऊन पाय वर करणार. रोज त्याच झाडापाशी. मी काय नाही केलं? मिरचीची पूड टाकली, तर वारा फिरला आणि मीच अर्धा तास शिंकत बसले. डांबराच्या गोळ्या टाकल्या, त्या त्याने नाकाने ढकलत एका कोपऱ्यात गोळा केल्या. कोणीतरी सांगितलं म्हणून बाटल्यांत पाणी भरून झाडाभोवती मांडल्या, त्याने एकेकीवर पाय वर केला. झाडू घेऊन धावले की तो कुंपणाशी जाऊन उभा राहायचा, तो मोडका कान हलवायचा आणि मला वाटायचं की आता हा हसणार. ताम काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं मियेन, मांजर घरात आलं तर दारिद्र्य येतं, कुत्रं आलं तर श्रीमंती. तुला तर रोज घरपोच मिळतेय.” मी म्हटलं, “काकू, तुमची श्रीमंती जरा दोरीनं बांधून ठेवा. माझ्या झाडावर मुततेय.”

पण हे सगळं हसण्यावारी होतं. तेत जवळ आलं की माईची पानं हातांनी एक एक करून खुडायची असतात, म्हणजे बरोबर नव्या वर्षाच्या सकाळी झाड पिवळं होतं. बाबा गेल्यापासून मीच खुडते. झाड फुललं तर वर्ष चांगलं, नाही फुललं तर सगळा गाव येऊन बघतो आणि कोणी काही बोलत नाही. परवा सकाळी पाहिलं तर खालच्या फांद्यांवरच्या कळ्या काळ्या पडून गळल्या होत्या आणि बुडाशी ओली उकरलेली माती. मी तशीच कुंपणाशी गेले आणि ओरडले. कून बाहेर आला, तोंडात दात घासायचा ब्रश, आणि म्हणाला, “झाडाला खत मिळतंय, तू चिडतेस काय?” कुठल्याही दुसऱ्या दिवशी मी हसले असते. त्या दिवशी मला बाबांचे हात दिसले, फांदी खाली वाकवून पान खुडणारे, आणि मी म्हणाले, “तू आणि तुझा तो कुत्रा! दोघांचंही पाऊल माझ्या अंगणात नको. माझ्या लेखी दोन्ही कून गेले.”

वर्षाच्या शेवटच्या दिवसांत आमच्याकडे ‘गेला’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. भांडं फुटलं तरी आवाज न करता तुकडे उचलतात. आणि मी तो शब्द माणसाच्या तोंडावर फेकला. त्याने ब्रश तोंडातून काढला, काहीतरी बोलायला गेला आणि आत निघून गेला. मी मनाची समजूत अशी घातली की चुलीचे देव वर्षभराची चुगली करायला वर गेलेत, ते खाली येईपर्यंत घरात कोणी काय बोललं याची नोंद ठेवायला कोणी नाही. सोयीचं शास्त्र! आणि आज सकाळी, अजून पुरतं उजाडलंही नव्हतं, तेव्हा पपनसाच्या काटेरी फांद्या तोडल्या आणि त्या भगदाडात ठासून भरल्या. हात ओरबाडले गेले. मला बरं वाटलं. आता बघू कोण येतं, असं मोठ्याने म्हणाले सुद्धा. लाकडांच्या ढिगामागे काहीतरी खुडबुडलं. घूस असेल म्हणून तिकडे एक ढलपी फेकली आणि आलं सोलायला बसले.

ते भगदाड कुत्र्याने पाडलेलं नाही. ते मला आत्ता, उलथनं फिरवताना, आठवत होतं आणि आठवायला नको होतं. ते कूनने पाडलं, सात-आठ वर्षांचा असताना, आमच्या अंगणातले पेरू चोरायला. आजोबांनी त्याला आत अडकलेला पकडला होता, अर्धा आमच्याकडे, अर्धा त्याच्या घरात. आजोबांनी विचारलं, “कुणाचा रे तू?” आणि तो त्या अवस्थेत म्हणाला, “आजोबा, कुठल्या अर्ध्याचं विचारताय?” आजोबांनी कुंपण पुन्हा भरलं नाही. पुढे तेतच्या पहिल्या सकाळी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडायचं असा प्रश्न यायचा, कारण ज्याचं पाऊल पहिलं, त्याच्यासारखं वर्ष जातं, आणि आमची आई दरवर्षी कुंपणाशी जाऊन सांगायची, “ताम, तुझ्या कूनला पाठव. त्याचं पाऊल हलकं आहे.” तो येताना फाटकातूनच यायचा, नवे कपडे घालून, भांग पाडून, पण हसताना कुंपणाकडे बघायचा. तो सायगावला होता तेव्हा माझ्या घरात पहिलं पाऊल कधी पुतणीचं, कधी दुकानाच्या मालकाचं, एकदा तर वीजबिलवाल्याचं पडलं. वर्षं गेली, वाईट नाही गेली, पण ती हलकी नव्हती. तो परत आला त्या वर्षी मी काहीच बोलले नाही, पण पहिल्या सकाळी तो फाटकात उभा होता, केस पांढरे, भांग तसाच. “तुझ्या आईनं बोलावलं नाही, पण म्हटलं अजून हलका आहे का बघावं,” म्हणाला. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी आत जाऊन चहा टाकला आणि आधण उकळेपर्यंत स्वयंपाकघरातच उभी राहिले, डोळे पुसत.

आमच्यात काही होतं का, असं दुकानातल्या मुली मला हळूच विचारतात. मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की पहाटे पलीकडे त्याचा खोकला ऐकू आला की मी कूस बदलते आणि पुन्हा झोपते. आज तो खोकला ऐकू आला नव्हता, आणि मी, शहाणी, फांद्या तोडत होते. मला तो हवा होता. कुंपणाच्या पलीकडे, पण हवा होता. हे वाक्य मनात इतकं सरळ आलं की मी दचकले, जणू दुसऱ्या कोणी कानात सांगितलं. कढईतला पाक आता पुरता परतून साखर झाला होता, चकत्या सुट्या होऊन कडेला वाजत होत्या, शेगडीवरून उतरवायची वेळ होऊन गेली होती. मी उतरवत नव्हते. कारण कढई उतरवली की उठावं लागेल, उठलं की जावं लागेल, आणि गेलं की कळेल. मी ढवळत होते तोवर तो गेलेला नव्हता. साखर पिवळी झाली, मग तपकिरी. जळका वास नाकात गेला तेव्हा मी कढई तशीच सोडून उठले.

रस्त्याने जायचं तर देवळाला वळसा घालून जावं लागतं, आणि गेलेल्याच्या घरी फाटकातून जायचं तर कपडे बदलून, उदबत्तीचा पुडा घेऊन, केस बांधून. मला तेवढं नको होतं. मला आत्ता, असंच, तिथे असायला हवं होतं. मी कुंपणाशी गेले, उकिडवी बसले आणि सकाळी ठासलेल्या फांद्या उपसायला लागले. काटे तळव्यात घुसत होते. माझंच काम मजबूत, काय सांगू! शेवटची फांदी निघाली तेव्हा मी हात टेकले, गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं. ओल्या मातीचा आणि कुत्र्याचा वास आला. खांदे गेले. कंबर गेली नाही. सात वर्षांच्या पोराचं भगदाड ते, त्यातून पंचावन्न वर्षांची बाई कशी जाणार? माझा पुढचा अर्धा त्यांच्या अंगणात आणि मागचा अर्धा माझ्या, अशी मी अडकले, केस फांदीत, तोंड चिखलाशी, आणि तिथे तशीच मी रडायला लागले, मोठ्याने, सूर लावून, जसं गेलेल्याच्या दारात रडतात तसं.

माझ्या नाकासमोर दोन पाय येऊन थांबले. निळ्या प्लास्टिकच्या चपला, डाव्या अंगठ्याचं नख काळं. ते नख मी ओळखते.

“मियेन,” वरून आवाज आला, “आमच्याकडे फाटक आहे गं.”

मी मान वर करायचा प्रयत्न केला. फांदीने केस धरून ठेवले होते. मला फक्त गुडघ्यापर्यंतचा कून दिसत होता आणि त्याच्या हातातलं भाताचं वाडगं.

“तू गेलास ना!” मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

“कुठे? दवाखान्यात? काल गेलो, आज दुपारी आलो. पोटात वात धरलाय, छातीत चढला होता. डॉक्टर म्हणाला, आंबवलेलं डुकराचं मटण रात्री खाऊ नका, आणि गोळ्या दिल्या. तुझ्याच दुकानातल्या. चघळायच्या.” तो खाली वाकला, मग चेहरा दिसला, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, जिवंत. “तू रडत होतीस?”

“काकू ओरडल्या. कून गेला म्हणून.”

“अगं, तो दुसरा कून! सकाळपासून नाहीये. आई घर डोक्यावर घेऊन बसलीय. तेतच्या तोंडावर कुत्रं गेलं म्हणजे श्रीमंती गेली म्हणते. मी दुपारपासून हा भात घेऊन सगळी गल्ली हिंडतोय.” मग त्याला काहीतरी कळलं आणि तो तिथेच चिखलात बसला. “तुला वाटलं, मी?”

माझं तोंड चिखलाला लागलं होतं आणि मी हसत होते. आतून, पोटातून हसू येत होतं आणि त्यात रडूही होतं, आणि दोन्हींनी माझी कंबर हलत होती आणि कुंपण हलत होतं. जगात इतकी सोपी गोष्ट असू शकते, की माणूस नुसता समोर वाडगं घेऊन बसलेला असतो, याचं मला इतकं हलकं वाटलं की कंबर अडकली नसती तर मी उडालेच असते. ताम काकू पायरीवर आल्या आणि ओरडल्या, “कोण आलंय रे कुंपणात?” कून म्हणाला, “मियेन आहे, आई. अर्धी.”

तेवढ्यात मागच्या बाजूला, माझ्या अंगणात, माझ्या उघड्या तळपायाला काहीतरी ओलं, गार लागलं. मग दुसऱ्या तळपायाला. मग पोटरी कोणीतरी चाटायला लागलं, मन लावून, जळक्या साखरेच्या चवीने. मी किंचाळले. आणि मग मला सगळं कळलं. सकाळची ढिगामागची घूस. तो आधीच आत आला होता. मी त्याला बाहेर ठेवायला भगदाड बुजवलं आणि त्याला आतच कोंडलं. दिवसभर तो झाडूच्या भीतीने लाकडांमागे चूप बसला होता, त्याच्या घरच्यांनी गल्लीभर शोधलं आणि मी त्याच्या नावाने दुसऱ्याला रडले.

“सापडला,” मी म्हणाले.

“कोण?”

“तुझा भाऊ. माझे पाय खातोय. मला आधी मागे ओढ नाहीतर पुढे ओढ, काहीतरी कर!”

त्याने मला पुढे ओढलं. बाहीचा टराटरा आवाज झाला, थोडे केस कुंपणात राहिले, आणि मी त्यांच्या अंगणात बसती झाले. माझ्यामागून, मी केलेल्या मोठ्या भोकातून, दुसरा कून ऐटीत बाहेर आला, तोंडाला काळी साखर, मोडका कान ताठ, आणि सरळ वाडग्याशी गेला. ताम काकू पायरीवरून खाली आल्या, माझ्याकडे पाहिलंच नाही, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्यालाच पोटाशी धरून बसल्या. तो तसाच भात खात राहिला.

कून माझ्या तळहातातले काटे काढत होता. चष्मा नव्हता म्हणून हात डोळ्यांपासून लांब धरून. “माईला वरच्या फांद्यांवर कळ्या आहेत,” तो खाली बघतच म्हणाला. “आमच्या गच्चीवरून दिसतात. फुलेल.”

“फुलेल,” मी म्हणाले.

“नव्या वर्षाला...” तो थांबला. परवाचा शब्द आमच्या मधे अजून बसलेला होता, आणि तो उठवायचा तर मलाच उठवायला हवा होता. “नव्या वर्षाला तुझ्याकडे कोण येतंय पहिलं?” शेवटी त्यानेच विचारलं.

मी भगदाडाकडे पाहिलं. ते आता चांगलंच रुंद झालं होतं. अंगणातली माझी शेगडी, जळलेली कढई, माईचं झाड, सगळं पलीकडून दिसत होतं. माझं घर मी या बाजूने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

“काकूंना हाक मारायला सांग,” मी म्हणाले. “जो आधी येईल तो.”

तो हसला. काकूंच्या कुशीतल्या कुत्र्याने मान वर केली, कारण कोणीतरी हसलं होतं, आणि पुन्हा वाडग्यात तोंड घातलं. मी दुसरा हात पुढे केला. त्यातही काटे होते.